लुंबिनीला जाण्यापूर्वी : नेपाळी रुपयाची ओळख

सोलापुरातून सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर अशी धम्मयात्रा करणारे अनेक उपासक-उपासिका लुंबिनीलाही जातात. बाकीची स्थळे भारतात आहेत. तथागतांचे जन्मस्थळ मात्र नेपाळमध्ये आहे. उत्तर प्रदेशातील सोनौलीची सीमा ओलांडली की चलन बदलते. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, त्यामुळे देश बदलला हे आपल्या ज्येष्ठांच्या चटकन ध्यानात येत नाही. यंत्रमागावर राबून, विड्या वळून, भिशी लावून जमवलेला पैसा नेमका इथे निसटू शकतो.

दर : १९९३ पासून १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये, असा दर बांधलेला आहे. तो रोज बदलत नाही. खासगी दुकानदार मात्र कमी देऊ शकतात किंवा कमिशन कापतात.

हिशेब : नेपाळी किमतीला आठाने भागा आणि पाचाने गुणा. ८०० नेपाळी म्हणजे ५०० भारतीय.

‘आयसी’ की ‘एनसी’? : तिथे भारतीय चलनाला आयसी आणि नेपाळी चलनाला एनसी म्हणतात. भाव ठरवतानाच हे विचारून घ्यावे. ८०० एनसीची वस्तू ८०० आयसी देऊन घेतली, तर ३०० रुपये फुकट गेले.

नोटा : नेपाळी नोटांवर देवनागरी अक्षरे व अंक असतात, ज्याला मराठी वाचता येते त्याला त्या वाचता येतात. पाठीमागे प्राण्यांची चित्रे आहेत : १०० वर गेंडा, ५०० वर वाघ, १००० वर हत्ती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ही खूण सांगून ठेवावी. शंभराच्या नव्या नोटेवर लुंबिनीचा अशोकस्तंभही आहे.

भारतीय नोटा : २०१६ च्या नोटबंदीनंतर नेपाळी लोकांकडच्या जुन्या भारतीय नोटा अडकून पडल्या. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने २००, ५०० आणि २००० च्या भारतीय नोटांवर बंदी घातली. पुढे हे बंधन सैल करण्याच्या दिशेने पावले पडली आहेत. म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेत ताजा नियम विचारावा आणि शंभराच्या नोटा पुरेशा घ्याव्यात.

यूपीआय : मार्च २०२४ पासून नेपाळमधील काही दुकानांत भारतीय यूपीआय चालते. तिथली ‘फोनपे’ ही आपल्याकडच्या फोनपेहून वेगळी, नेपाळी कंपनी आहे. इंटरनेट किंवा रोमिंग नसेल तर मोबाइलचा उपयोग नाही. रोख हाताशी हवीच.

परतताना : उरलेले नेपाळी पैसे सीमेवरच बदलून घ्यावेत. सोलापूरच्या बाजारात ते चालणार नाहीत.

बाबासाहेबांनी १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ रुपयाचे मोल आणि विनिमय याच विषयावर लिहिला. त्यांच्या अनुयायांना सीमेवरच्या साध्या हिशेबात कोणी फसवू नये, असे आम्हाला वाटते. यात्रेच्या प्रत्येक गाडीत एका तरुणाने ही जबाबदारी घ्यावी आणि एवढे कोष्टक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येकाच्या हाती द्यावे :

१६० नेपाळी = १०० भारतीय
४०० नेपाळी = २५० भारतीय
८०० नेपाळी = ५०० भारतीय
१६०० नेपाळी = १००० भारतीय