ओहमकडे मीटर नव्हता

परवा रविवारी ताईकडे गेलो होतो. भाचा यंदा नववीत, त्यामुळे जेवण झाल्यावर मामाने गणितं घ्यावीत असा प्रेमळ हुकूम सुटला. गणित होतं इस्त्रीचं. 230 व्होल्टवर 4 अँपिअर विद्युतधारा घेते, तर रोध किती आणि शक्ती किती? म्हटलं, अरे यात काय आहे! भागलंस की रोध, गुणलंस की शक्ती. 57.5 ओहम आणि 920 वॅट. चल, पुढचं.

पोरगा पुढे जाईना. "मामा, व्होल्ट आणि अँपिअर मोजायला मीटर लागतो. ओहमच्या वेळी मीटर होता का?"

मी गप्प. मंडळी, आयुष्यभर हा नियम वापरून पोट भरलं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. घरी येऊन कपाटातली पुस्तकं उपसली. त्यातलं जे मनात राहिलंय ते इथे लिहून ठेवतोय.

जॉर्ज सायमन ओहम हा जर्मनीतल्या एर्लांगन गावच्या कुलूपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. जन्म 1789 चा. वडील शाळेत फारसे गेलेले नसूनही स्वतः शिकून मुलांना गणित शिकवणारे. (अशा वडिलांबद्दल वेगळं लिहायला हवं. असो.) 1817 पासून ओहम कोलोनच्या एका शाळेत मास्तर होता आणि तिथे प्रयोगशाळा बरी होती. पण ओहम, व्होल्ट, अँपिअर ही एककंच तेव्हा जन्माला यायची होती, तर मीटर कुठला! त्याने काय केलं, तर बारीक पट्टीला चुंबकसुई टांगली. सुई तारेजवळ ठेवायची, वीज वाहू लागली की सुई वळते, मग पट्टीला पीळ देऊन तिला मूळ जागी आणायचं. किती पीळ द्यावा लागला, तेवढी विद्युतधारा. झाला मीटर!

खरी अडचण दुसरीच होती. वीज मिळायची ती तांबं, जस्त आणि आम्लाच्या घटातून, आणि तो घट मिनिटागणिक उतरायचा. मंडल जोडलं की सुई उसळायची, मग ढेपाळायची. ज्याने मोजायचं तेच हलतंय म्हटल्यावर नियम कसा सापडणार? तरी 1825 मध्ये ओहमने या आकड्यांवरून एक सूत्र बसवून छापलं. त्यात लॉगॅरिदम होतं. आणि ते चूक होतं! ओहमचा छापलेला पहिला नियम चुकीचा होता, हे मला कोणत्याच सरांनी सांगितलं नाही.

मग पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने त्याला सुचवलं की घट सोड, उष्णतेवर चालणारी जोडी वापर. दोन वेगळ्या धातूंचे सांधे एक गरम, एक थंड ठेवले की वीज वाहते, हे सीबेकने 1821 मध्ये दाखवलं होतं. ओहमने तांबं आणि बिस्मथ घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्हीकडचं तापमान जागचं हलत नाही, म्हणजे वीज ढकलणारा जोरही हलत नाही. मला विचाराल तर सगळी गंमत इथेच आहे.

जानेवारी 1826. एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा, सगळ्यांत आखूड 2 इंच, सगळ्यांत लांब 130. एकेक जोडायची आणि पीळ मोजायचा. त्याचं नवं सूत्र असं: 7285 ला (20.25 + तारेची लांबी) ने भागा. 2 इंचाला येतात 327.4, त्याने मोजले होते 326.75. 18 इंचाला येतात 190.5, मोजले 190.75. 130 इंचाला दोन्हीकडे 48.5! कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करून बघा, अंगावर काटा येतो. 7285 म्हणजे त्या जोडीचा जोर, आजच्या भाषेत व्होल्ट. 20.25 म्हणजे तार सोडून उरलेल्या मंडलाचा रोध, त्याच तारेच्या इंचांत सांगितलेला. भाच्याचं भागाकाराचं गणित ते हेच.

1827 मध्ये याचं पुस्तक निघालं आणि त्याचं स्वागत थंड झालं, कुठे कुठे तर टिंगलच. 1828 मध्ये त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची पाच वर्षं आज इथे तर उद्या तिथे शिकवण्यात गेली. रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक 1841 मध्ये मिळालं, म्युनिकची प्राध्यापकी 1852 मध्ये, आणि 1854 मध्ये तो गेला. शक्तीचा गुणाकार त्याचा नाही बरं का. मद्याची भट्टी असलेल्या घरातल्या जूलने पाण्यात तारेची गुंडाळी बुडवून, थर्मामीटर लावून, उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या पटीत वाढते हे 1841 मध्ये छापलं. त्याला ओहमची जोड दिली की व्होल्ट गुणिले अँपिअर येतं.

आता एक कबुली. कॉलेजात आम्हाला हाच प्रयोग होता. आमचे बिंदू सरळ रेषेवर बसेनात, तेव्हा आम्ही आधी रेषा काढली आणि मग तिच्यावर बिंदू ठेवले. वाचनं सीनियरच्या जर्नलमधून. दहापैकी नऊ मार्क.

हे सगळं सांगायला काल पुन्हा ताईकडे गेलो, माळ्यावरचा जुना 100 वॅटचा बल्ब आणि माझा मीटर घेऊन. भाच्याने आधी हिशेब केला: 230 चा वर्ग भागिले 100, म्हणजे 529 ओहम. मग मीटर लावला. आले 41.

"मामा, मीटर बिघडलाय. मी 529 च लिहितो."

मीटर ठीक होता. बल्ब पेटला की आतली तार दोन हजार अंशांच्या वर तापते आणि तिचा रोध दहा-बारा पटींनी वाढतो. आमच्या हातातला बल्ब थंड होता. हे सांगून झाल्यावर त्याने थोडा वेळ बल्ब हातात फिरवला आणि वहीत 529 खोडलं नाही. त्याच्या खाली 41 लिहिलं, पुढे कंसात 'थंड'.