छापांची शंभर वर्षं

हजीऱ्याहून निघणारा नैसर्गिक वायू नळातून थेट उत्तर प्रदेशापर्यंत जातो. त्याच वायूवर हजीऱ्याच्या आमच्या वसाहतीत लायटर दाबला की शेगडी पेटते. काड्यापेटी उरली ती देवघरापुरती. निरांजन लावताना ती हातात आली, की चपलांच्या खोक्यात रबराने बांधून ठेवलेले माझे काड्यापेट्यांवरचे छाप आठवतात.

त्या छापांची कुळकथा मोठी आहे. सुरुवातीला काड्यापेट्या स्वीडन आणि जपानहून येत. इथल्या गिऱ्हाइकासाठी त्यांवर आपले देव छापलेले असत. 1922 मध्ये आयातीवर जबर जकात बसली आणि 1923 मध्ये स्वीडिश भांडवलावर वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली ‘विम्को’, उभी राहिली. अंबरनाथला तिचा कारखाना आला. पुढे बरेली, कोलकाता, मद्रास इथेही आले. त्याच सुमारास कोलकात्यात हे काम शिकून आलेल्या अय्या नाडर आणि षण्मुग नाडर यांनी शिवकाशीत हातकामाच्या काड्यापेट्या सुरू केल्या. विम्कोचा घोडा छाप घरोघरी पोचला. शिवकाशीने वाघ, कमळ, देव, नटनट्या यांची जत्राच मांडली.

मुलांनी या छापांचं चलन केलं. लाकडी पेटी पाण्यात भिजवायची, छाप अलगद सोडवायचा आणि खिडकीच्या काचेवर वाळायला चिकटवायचा. घाई केली की घोड्याचा कान फाटलाच. मग अंगणात रिंगण आखून छाप मांडायचे आणि ठिकरीने बाहेर उडवायचे. उडेल तो आपला. रोजच्या छापाला किंमत एकाची. परगावच्या पाहुण्याच्या खिशातून आलेल्या एका छापासाठी मात्र दहा-दहा मोजायचे.

पुढे पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या. चित्र थेट पुठ्ठ्यावरच छापलेलं, त्यामुळे भिजवणं संपलं, कात्री आली. मग बबलगममधल्या क्रिकेटपटूंच्या कार्डांनी मुलांचे खिसे भरले. 2005 मध्ये विम्को आयटीसी समूहाकडे गेली. अंबरनाथमध्ये ‘विम्को नाका’ हे नाव अजून सगळ्यांच्या तोंडी आहे.

कारखान्याने आग विकली; आम्हाला त्याने चित्रं दिली, मोजदाद शिकवली आणि अदलाबदलीतला सचोटीचा व्यवहारही. म्हणून एक विनंती. माळ्यावर असं खोकं सापडलं तर रद्दीत देऊ नका. छाप वहीत कोपऱ्यांवर अडकवा, डिंक लावू नका. आणि कुठे, कधी, कुणाकडून मिळाला हे प्रत्येकाखाली पेन्सिलीने लिहा.