म्वाना कुपोना : नाव आणि दीन

मुसलमान मुलीचे नाव अरबीच हवे, असा आग्रह मी अनेक घरांत ऐकतो. तेव्हा मला म्वाना कुपोना आठवते. केनियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ पाते नावाचे बेट आहे. तिथली ही एकोणिसाव्या शतकातील कवयित्री. तिची भाषा स्वाहिली. उर्दूत ‘साहिल’ म्हणजे किनारा. त्याच्या अरबी अनेकवचनातून, ‘सवाहिल’मधून, या भाषेला नाव मिळाले. तिच्यात अरबी शब्द भरपूर असले, तरी पाया आफ्रिकेतल्या बांटू भाषांचा. ‘म्वाना’ तिकडे स्त्रीच्या नावाआधी आदराने लावतात. ‘कुपोना’ म्हणजे आजारातून बरे होणे, वाचणे. दोन्ही शब्द बांटू.

१८५८ साली आजारी असताना तिने आपली लेक म्वाना हशिमा हिच्यासाठी उपदेशपर दीर्घकाव्य रचले. भाषा स्वाहिली, लिपी अरबी. अल्लाहवरील ईमान, अदब, संसार आणि दुआ, सारे त्यात आहे. लेकीच्या नावातले ‘हशिमा’ मात्र अरबी मुळाचे. एकाच घरात दोन्ही नावे नांदली.

हदीसमध्ये अर्थ वाईट होता म्हणून नाव बदलल्याचे दाखले आहेत. ‘बरी होवो’ या अर्थाचे नाव आईबापांनी आपल्या बोलीत ठेवले, तर त्यात दीनाला कमीपणा कसला?