अलिप्त निवेदक आणि हेतूचा प्रश्न : ‘कोसला’च्या संदर्भात

आल्बेर काम्यू यांची ‘लेत्रांजे’ ही कादंबरी १९४२ साली प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक मर्सो अल्जिअर्सजवळच्या समुद्रकाठी एका अरबावर प्रथम एक व नंतर आणखी चार गोळ्या झाडतो. मधल्या विरामाचे कारण त्याला देता येत नाही; न्यायालयात तो उन्हाकडे बोट दाखवितो. निवेदनातील ही पोकळी सरकारी वकील भरून काढतो. आईच्या अंत्यविधीच्या वेळी मर्सो रडला नाही, हाच त्याच्या दुष्ट हेतूचा पुरावा ठरतो. सारांश, हेतू निवेदकाने सांगितलेला नसून श्रोत्यांनी त्याच्यावर लादलेला आहे.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रकाशित झाली. खानदेशातील सांगवीहून पुण्यास शिकावयास गेलेला व अपयशी होऊन गावी परतलेला पांडुरंग सांगवीकर हा तिचा निवेदक होय. आपण असे का वागलो याचा नीट खुलासा तोही करीत नाही. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ या शब्दांच्या वारंवार योजनेने प्रत्येक विधानाचे गांभीर्य तो कमी करतो. या बाह्य साम्यावरून त्यास मर्सोचा मराठी अवतार मानण्याचा मोह होतो.

परंतु निवेदनाचा काळ ध्यानी घेतल्यास हे साम्य टिकत नाही. पांडुरंग वयाच्या पंचविसाव्या वर्षी मागे वळून सारी हकीकत सांगतो. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने गेली, ही घटना त्यापूर्वीची आहे. त्या प्रकरणात त्याचा शोक व वडिलांवरील संताप उघड होतो. पुढे अजिंठ्याच्या बुद्धमूर्तींसमोर तोच शोक पुन्हा प्रकटतो. म्हणजे आरंभीच्या पानांतील ‘वगैरे’देखील त्या दुःखातून गेलेल्या माणसाच्या तोंडचे आहे. वाचकास मात्र ते कळते अर्ध्या वाटेवर. मर्सोच्या बाबतीत असे पूर्वदुःख कादंबरीत कोठेही दाखविलेले नाही.

यास्तव पांडुरंगाची अलिप्तता भावशून्यतेत न मोडता भावनेच्या संरक्षणात मोडते. त्याच्या थट्टेखोर स्वरावरून तो केवळ बेजबाबदार ठरविणारा वाचक मर्सोच्या खटल्यातील वकिलाचीच पद्धत अनुसरतो. अस्तित्ववादाचे नाव देण्यापूर्वी निवेदक कोणत्या क्षणी बोलत आहे, याचा निर्णय अभ्यासकाने प्रथम केला पाहिजे.