सूक्ष्म पाठ आला, कॅमेरा मागेच राहिला

डी.एड. किंवा बी.एड. झालेल्या कुणालाही ‘सूक्ष्म पाठ’ म्हटल्यावर काय आठवतं ते विचारा. निम्मे जण आधी हसतील. आपलेच वर्गमित्र पाचवीची पोरं होऊन बाकावर बसलेले, पुढे आपण खडू घेऊन उभे, मागे एक जण घड्याळ धरून. सहा मिनिटं झाली की थांबायचं. मग निरीक्षण तक्त्यावर खुणा. प्रश्न किती विचारले, प्रबलन किती वेळा दिलं, फलकलेखन कसं होतं. टाचणवहीवर सही झाली की सुटलो.

हा प्रकार मुळात असा नव्हता मंडळी. शिक्षक घडवण्यासाठी यंत्र कसं वापरावं, याचा जगातला एक नामी प्रयोग होता तो. आपल्याकडे येता येता त्यातलं यंत्रच गळून पडलं.

1963 च्या सुमाराला अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सुरू केलं. अडचण साधी होती. नवा शिक्षक शिकवताना स्वतःला पाहू शकत नाही. मागे बसलेले सर म्हणतात, ‘तुम्ही फळ्याशीच बोलत होता.’ त्याला ते पटत नाही आणि पटलं तरी दिसत नाही. त्याच काळात चित्रं टेपवर धरून लगेच दाखवणारं यंत्र आलं होतं. मग चार-पाच मुलं समोर बसवून पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, तो टेपवर घ्यायचा, शिकवणाऱ्यालाच दाखवायचा आणि सुधारून पुन्हा घ्यायला लावायचा, अशी ती पद्धत होती. आपला चेहरा, आपला आवाज, प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाटही न बघता आपणच दिलेलं उत्तर, हे सगळं त्या टेपमध्ये असायचं. वाद घालायला जागा नाही.

आपल्या देशात 1967 साली अलाहाबादला याची सुरुवात झाली असं सांगतात. खरा प्रसार 1970 च्या दशकातला, बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ आणि एनसीईआरटी यांनी केलेला. तेव्हा व्हिडिओ कॅमेरा घेणं कुठल्या कॉलेजला परवडणार होतं? म्हणून भारतीय वेळापत्रक बसवलं गेलं. 6 मिनिटं अध्यापन, 6 प्रत्याभरण, 12 पुन्हा नियोजन, 6 पुन्हा अध्यापन, 6 पुन्हा प्रत्याभरण. एकूण 36 मिनिटं. मुलांच्या जागी वर्गमित्र आणि टेपच्या जागी छापील तक्ता. त्या काळात ही तडजोड शहाणपणाचीच होती, तिला नावं ठेवायचं कारण नाही. मात्र तडजोड तात्पुरती असते. इथे तिचा अभ्यासक्रम झाला.

दरम्यान सरकार शिक्षणातल्या यंत्रांवर पैसा घालतच होतं. यातला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत टीव्ही कार्यक्रम दाखवले गेले. त्याला ‘साइट’ म्हणत. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्याच उपग्रहावरून प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं 12 दिवसांचं प्रशिक्षणही दिलं गेलं. टीव्हीवर पाठ, जोडीला रेडिओ, छापील पुस्तिका, आणि हाताने करायचे प्रयोग. एकेका फेरीत हजारो शिक्षक. विषय विज्ञानाचा होता, टीव्ही नुसतं साधन. टीव्ही कसा लावायचा याचा तो वर्ग नव्हता.

नंतर उलटं होत गेलं. 1984-85 ला ‘क्लास’ योजनेत सुरुवातीला अडीचशेच्या आसपास शाळांत बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर पोचले. त्याच 1984 ला पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. तिथल्या कार्यक्रमांवर आपली एक पिढी वाढली. 2017 ला ती बंद झाली, तेव्हा कर्मचाऱ्यांचे पगारही थकलेले होते. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत ‘डाएट’ उभ्या राहिल्या. त्यांच्या रचनेत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा वेगळा विभाग कागदावर पहिल्यापासून आहे. 2004 ला एज्युसॅट, 2017 ला दीक्षा. मधल्या काळात लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, एलईडी टीव्ही, टॅब. डिजिटल शाळेच्या उद्घाटनाच्या बातम्या मीही भरपूर दिल्यात. फीत, नारळ, फोटो. फोटोत शिक्षक कडेला उभे.

बी.एड. दोन वर्षांचं झालं ते 2014 च्या नियमावलीमुळे, 2015 पासून. त्यात माहिती तंत्रज्ञानाकडे चिकित्सक नजरेने बघण्याचा वेगळा घटक घातला. नाव चांगलं आहे. बऱ्याच ठिकाणी हाती काय उरतं? एक फाइल, दहा स्लाइड आणि प्रिंटआउट.

मग 2020 आलं. शाळा बंद. प्रशिक्षणाची वाट न बघता शिक्षकांनी घरात भिंतीला कागद चिकटवला, मोबाइल डब्यावर टेकवला आणि पाठ रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवले. पाठवण्याआधी स्वतः पाहिले. आवडला नाही तो पुसला, पुन्हा घेतला. आपण किती भरभर बोलतो, हे कित्येकांना वीस वर्षांच्या नोकरीनंतर तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल. स्टॅनफर्डमध्ये जे टेप लावून करत होते, तेच हे. फक्त कुणी त्याला सूक्ष्म पाठ म्हटलं नाही. शाळा उघडल्या आणि ते थांबलं.

आज शिक्षक होऊ पाहणाऱ्या जवळपास प्रत्येक पोराच्या खिशात कॅमेरा आहे, स्टॅनफर्डवाल्यांना स्वप्नातही नव्हता इतका चांगला. खर्च शून्य. समोर वर्गमित्रच बसणार, त्यामुळे लहान मुलांचं चित्रीकरण करायचं की नाही हा प्रश्नही नाही. तरी कित्येक कॉलेजांत पाठ सुरू होण्याआधी सूचना एकच, मोबाइल बंद करा.

आता तर शिक्षकांना एआय शिकवायच्या गोष्टी सुरू झाल्यात. शिकवू द्या. माझं मागणं त्याहून लहान आहे. आपल्या भागातल्या अध्यापक विद्यालयांनी आणि बी.एड. कॉलेजांनी यंदाच्या सूक्ष्म पाठाला एक मोबाइल मागच्या बाकावर उभा करावा आणि प्रत्याभरणाच्या 6 मिनिटांत तक्त्याआधी तो व्हिडिओ लावावा. याला जीआर लागत नाही, निविदा लागत नाही.

जी कॉलेजं हे आधीपासून करतात, त्यांची नावं जरूर कळवा. बातमी करतो, आणि या वेळी फोटोत शिक्षक मधोमध असतील.