मागणाऱ्याचा प्रवास, देणाऱ्याचा प्रवास

आमच्या काशीगावाहून घोडबंदरमार्गे ठाणे शहरात गेले, की 1879 साली उभारलेले 'शआर हशामाईम' हे बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉग भेटते. तिथून खाडी ओलांडली की कळवा. याच कळव्याच्या झोपडपट्टीत 2012 सालापासून 'गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई' या ज्यू संस्थेने मुलांच्या शिक्षणाचे व आहाराचे काम सुरू केले. पहिली वास्तू ज्यूंची स्वतःसाठी. दुसरे काम ज्यूंचे इतरांसाठी. या दोहोंमधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत ज्यू दानधर्माचा अग्रक्रम कसा बदलला, हा या टिपणाचा विषय आहे.

दानासाठी हिब्रूत 'त्झेदाका' हा शब्द आहे. त्याचे मूळ करुणेत नसून न्यायात आहे. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. घेणारा स्वतःच्या पायावर उभा राहील असे साहाय्य ही सर्वांत वरची पायरी. तिच्या खालोखाल, देणारा व घेणारा एकमेकांना अजिबात ओळखत नाहीत असे दान. ही दुसरी पायरी वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढील सारा इतिहास तिच्यापासून दूर जाण्याचा आहे.

पूर्वी प्रवास करी तो मागणारा. जेरुसलेम, हेब्रॉन, साफेद, तिबेरिया या नगरांचे दूत देशोदेशी फिरून तिथल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करीत. 1860च्या सुमारास जेरुसलेमचा याकोब साफिर असाच येमेनमार्गे मुंबईत आला, आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात बेने इस्रायलींविषयी लिहून ठेवले. मुंबईत तेव्हा देणारेही होते. बगदादहून 1832 साली आलेल्या डेव्हिड ससूनच्या घराण्याने भायखळ्याचे सिनेगॉग बांधले. पण पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईतील ससून वाचनालय यांतून त्यांचे दान धर्माची वेस ओलांडून शहरापर्यंत पोहोचले. कोकणातून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींपासून मात्र हे बगदादी धनिक सामाजिकदृष्ट्या अंतर राखूनच राहिले.

म्हणूनच हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. बेने इस्रायली मुलांना आधुनिक शिक्षण प्रथम मिळाले ते अमेरिकन व स्कॉटिश ख्रिस्ती मिशनांच्या शाळांतून. समाजाची स्वतःची शाळा हवी, ही गरज ओळखून 1875 साली केहिमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत 'इस्रायलाइट स्कूल' काढले. त्यासाठी लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडून अनुदान मिळवले. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीने शाळेचे नाव बदलले. पैसा बाहेरचा होता. परंतु काय हवे, हे मागणाऱ्यानेच ठरवले होते.

विसाव्या शतकात प्रवासाची दिशा उलटली. तसे सर मोझेस माँटेफिओरे यांनी 1827 ते 1875 या काळात सात वेळा पॅलेस्टाईनला जाऊन हा पायंडा आधीच पाडला होता. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर 'युनायटेड ज्यूइश अपील' या अमेरिकन संस्थेने देणगीदारांना इस्रायलच्या दौऱ्यावर नेण्याची रीतसर पद्धत पाडली. या दौऱ्यांनाही 'मिशन' असेच म्हणतात. मराठी वाचकाला या शब्दाने धर्मोपदेशक आठवतो. इथे मात्र प्रवाशाने इतरांना बदलायचे नसून प्रवासाने त्याला स्वतःला बदलायचे असते. डोळ्यांनी पाहिलेला माणूस अधिक देतो, हे त्यामागचे साधे गणित.

1967च्या युद्धानंतर इस्रायलकडे निधीचा ओघ वाढला. 1990च्या अमेरिकन ज्यू लोकसंख्या-पाहणीत आंतरधर्मीय विवाहांचे प्रमाण समोर आले, तेव्हा 'आपली पुढची पिढी ज्यू राहील का' ही चिंता अग्रक्रमावर आली. 1999 साली सुरू झालेली 'बर्थराइट' योजना तरुणांना इस्रायल फुकट दाखवू लागली. दुसरीकडे, 1985 साली स्थापन झालेल्या 'अमेरिकन ज्यूइश वर्ल्ड सर्व्हिस'ने ज्यूंव्यतिरिक्त गरिबांकडे लक्ष वळवले. कळव्यात या दोन्ही धारा एकत्र येतात. परदेशी ज्यू तरुण तिथे स्वयंसेवक म्हणून आले. त्यांनी मुलांना शिकवावे, आणि त्या कामातून त्यांचे ज्यूपणही दृढ व्हावे, असा दुहेरी हेतू त्यात होता.

मग मायमोनिडीसच्या दुसऱ्या पायरीचे काय? देणारा आता घेणाऱ्याला पाहतो, त्याच्याबरोबर छायाचित्र काढतो. पण याच कामात शाळकरी मुलांचे जेवण वस्तीतल्याच स्त्रिया रांधू लागल्या आणि त्यांना हक्काची कमाई मिळाली. म्हणजे दुसरी पायरी सुटली तरी पहिली गाठण्याचा प्रयत्न झाला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तरीही जो प्रवास करतो तोच काय पाहायचे ते ठरवतो, आणि जे दिसते त्यालाच निधी मिळतो. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेले बेने इस्रायली बहुसंख्येने इस्रायलला गेले. आज भारतात सारे ज्यू मिळून जेमतेम चार-पाच हजार उरले आहेत. त्यांची मराठी कीर्तने आणि नियतकालिके यांत पाहुण्याला दाखवण्याजोगे काही नसते.

साहित्याच्या अभ्यासकांचे काम इथे सुरू होते. कळव्याच्या त्या स्त्रियांच्या पाककृती आणि कहाण्या 'मसाला मामाज' या नावाने 2018 साली पुस्तकरूपाने आल्या, पण इंग्रजीत. म्हणजे देणाऱ्याच्या भाषेत. देणाऱ्याची नोंद संगमरवरी पाटीवर आणि अहवालांत होत आली आहे. घेणाऱ्याची नोंद त्याच्या भाषेत व्हायला हवी. केहिमकरांनीही आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीतच लिहिला, हे त्या दृष्टीने बोलके आहे. ज्याच्याकडे मागायचे, त्याच्याच भाषेत आपली ओळख सांगावी लागते. घोडबंदर रस्त्याने ठाण्याला जाताना हा विचार मनातून जात नाही.