दोरी ओढली की हात वर

१७४७च्या जानेवारीत पॅरिसचा वकील बार्बिए याने आपल्या रोजनिशीत एका खुळाची नोंद केली. पुठ्ठ्याची चपटी बाहुली. मागची दोरी ओढली की हातपाय फेकत नाचायची. नाव पांतँ. पोरांसाठी निघालेलं हे खेळणं बड्या घरच्या दिवाणखान्यांत लटकू लागलं होतं. शार्त्रच्या डचेसने तर चित्रकार बूशेने रंगवलेल्या एका पांतँचे १५०० लिव्र मोजले, असं तो लिहितो. वैतागून लिहितो, आणि वैताग रास्तच म्हणायचा.

दोरीने हलणारी खेळणी याहून फार जुनी. लायडनच्या संग्रहालयात प्राचीन इजिप्तमधला एक लाकडी माणूस आहे. दोरी ओढली की तो धान्य दळू लागतो. पांतँची करामत अशी, की एकाच ओढीत दोन्ही हात, दोन्ही पाय उडतात.

बाहुली उलटी करून पाहा. हात खांद्याशी सैल गाठीने अडकवलेला, तो टेकू. टेकूच्या अलीकडे हाताचं जरासं शेपूट पाठीमागे लपलेलं, त्यात दोरा ओवलेला. म्हणजे ही पहिल्या प्रकारची तरफ. पहारीने धोंडा उचकटताना आपण लांब टोक दाबतो. इथे आखूड टोक ओढायचं. दोऱ्याचं भोक टेकूपासून १ सेंटिमीटरवर आणि पंजा ६ सेंटिमीटरवर असेल, तर शेपूट जितकं सरकेल त्याच्या सहापट पंजा फिरतो. त्या बदल्यात जोरही सहापट लागतो. पण पुठ्ठ्याच्या हाताला वजन ते काय! आर्किमिडीजला तरफेत ताकद दिसली, खेळणी करणाऱ्याने तोच व्यवहार उलटा करून चपळाई पदरात पाडून घेतली.

हात खाली आणायला वेगळी दोरी नाही. लांब बाजू जड, ती आपसूक लोंबते. म्हणूनच गाठ आवळली गेली की खेळ खलास: हात वर जातो आणि तिथेच अडकतो. भोक टेकूच्या फार जवळ पाडलं तर पुठ्ठा फाटतो. फार लांब पाडलं तर हात नुसता हलल्यासारखा करतो.

पॅरिसचं खूळ ओसरलं, पण खेळणं टिकलं, त्यात छापखान्याचा मोठा वाटा. १७९६ साली एपिनाल गावी ज्याँ-शार्ल पेलरँने चित्रांचा छापखाना काढला. तिथून पुढे विदूषकांची धडं आणि हातपाय सुटे सुटे छापलेले कागद निघू लागले. कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा, कापायचा, दोऱ्याने जोडायचा. टेकू कुठे धरायचा, हे पोरं एकदोन हात फाडूनच शिकत असणार.